वाट करून देणाऱ्यांचा हिशेब

२०२४ च्या हंगामात सॅक्वॉन बार्कली फिलाडेल्फिया ईगल्सकडून २००५ यार्ड धावला. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये एका हंगामात दोन हजार यार्डांचा टप्पा गाठणारा तो नववा खेळाडू. आदल्याच वर्षी न्यूयॉर्क जायंट्सकडून १४ सामन्यांत त्याचे ९६२ यार्ड झाले होते. चेंडू हातात घेतला की सरासरी ३.९ यार्ड. ईगल्सकडे हीच सरासरी ५.८ झाली. माणूस तोच, मग फरक कशाचा?

अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळींच्या गप्पांत याची दोन ठरावीक उत्तरं ऐकू येतात. एक म्हणजे, बार्कलीचा खेळ एकदम बहरला. दुसरं म्हणजे, त्यात त्याचं काय, ईगल्सच्या वाट काढून देणाऱ्या लाइनमागून कोणीही धावला असता. ही दोन्ही उत्तरं चुकीची आहेत असं माझं मत आहे. खेळाडूला त्याच्या नेमून दिलेल्या कामापासून आणि शेजारच्या माणसांपासून वेगळं काढून जोखायचं, ही चूक दोन्हींच्या मुळाशी आहे.

आपली नजर क्रिकेटवर घडलेली. तिथे प्रत्येक चेंडू ही मुळात एक गोलंदाज आणि एक फलंदाज यांच्यातली लढत असते, म्हणून धावफलक वाचून कोण कसं खेळलं याचा बराच अंदाज येतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये एका प्लेला बावीस जण एकाच क्षणी हलतात, चेंडू मात्र एकाच्या हातात असतो आणि नोंद बहुधा त्याचीच होते. समोरच्यांना रेटून त्याला वाट करून देणाऱ्या पाच जणांच्या लाइनसाठी त्या नोंदीत जवळजवळ जागाच नाही. ईगल्सच्या लाइनचा लेफ्ट टॅकल, म्हणजे डाव्या टोकाचा खेळाडू, जॉर्डन मायलाटा हा ऑस्ट्रेलियातला रग्बी लीग खेळाडू. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये सातव्या फेरीत त्याची निवड झाली, तेव्हा तो फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. लाइनचे तेव्हाचे प्रशिक्षक जेफ स्टाउटलंड यांनी त्याला घडवलं. आज तो या संघाचा कणा आहे, पण सामन्यानंतरच्या आकड्यांच्या पानावर त्याचं नाव शोधूनही सापडत नाही.

म्हणून सगळं श्रेय लाइनलाच द्यायचं का? तेही पटत नाही. २०२३ मध्ये ईगल्सकडून डिआंद्रे स्विफ्ट धावत होता आणि लाइनच्या मध्यभागी अजून जेसन केल्सी उभा होता. स्विफ्टने २२९ वेळा चेंडू घेऊन १०४९ यार्ड काढले, सरासरी ४.६. पुढच्या वर्षी केल्सी निवृत्त झालेला असूनही बार्कलीने त्यापेक्षा किती तरी जास्त केलं. ही तुलना अगदी चोख नाही, कारण दरम्यान आक्रमणाची आखणी करणारा प्रशिक्षकही बदलला होता. तरी ‘कोणीही धावला असता’ हा दावा तिच्यापुढे टिकत नाही. लाइनने पहिले काही यार्ड मोकळे करून दिले, त्यापुढच्या लांब धावा बार्कलीच्या स्वतःच्या होत्या. दोन्ही श्रेयं खरी आहेत आणि ती वेगवेगळी मोजावी लागतात.

९ फेब्रुवारी २०२५ ला न्यू ऑर्लिन्समध्ये झालेल्या सुपर बोलमध्ये ईगल्सनी कॅन्सस सिटी चीफ्सना ४०-२२ असं हरवलं. त्या दिवशी बार्कलीने २५ वेळा चेंडू घेतला आणि यार्ड मिळाले अवघे ५७. नुसता आकडा पाहिला तर तो अपयशी ठरला. पण त्याला रोखण्यात चीफ्सची माणसं आणि लक्ष खर्ची पडलं, पासिंगसाठी जागा मोकळी झाली, आणि पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सने २२ पैकी १७ पास पूर्ण करून सामनावीराचा मान मिळवला. बार्कलीच्या त्या ५७ यार्डांची किंमत हर्ट्सच्या रकान्यात जमा झाली.

बचावातही तेच. चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स याला त्या सामन्यात सहा वेळा सॅक केलं गेलं, म्हणजे पास टाकण्याआधीच पाडलं गेलं. त्यातले अडीच सॅक ईगल्सच्या जॉश स्वेटच्या नावावर आहेत, जेलन कार्टरच्या नावावर एकही नाही. पण त्याच बचावातल्या कार्टरसारखा बलदंड माणूस मधोमध उभा असला की त्याला थोपवायला दोन-दोन जण लागतात, आणि मग स्वेटसमोर एकच उरतो. शिवाय ईगल्सनी संपूर्ण सामन्यात एकदाही ब्लिट्झ केला नाही, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त माणसं क्वार्टरबॅकवर धाडली नाहीत. चौघंच पुढे धावत होते, उरलेले सात जण मागे राहून पासच्या वाटा बंद करत होते. पास द्यायला कोणी मोकळं दिसेना म्हणून माहोम्स चेंडू धरून थांबला, आणि थांबला म्हणून सापडला. त्या अडीच सॅकमध्ये मागच्या सात जणांचाही वाटा आहे.

आकड्यांतली ही उणीव भरून काढण्यासाठी आता काही संस्था प्रत्येक खेळाडूला दर प्लेला गुण देतात, आणि शोल्डर पॅडमध्ये बसवलेल्या चिपमुळे कोण किती वेगाने कुठे गेला हेही कळतं. हे प्रयत्न मोलाचे आहेत. त्यांच्यामुळे लाइनमधल्या माणसाची निदान चर्चा तरी होऊ लागली. मात्र त्या प्लेला प्रशिक्षकाने त्याला नेमकं काय सांगितलं होतं, हे गुण देणाऱ्याला माहीत नसतं. पास झेलणारा रिसीव्हर त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या कॉर्नरबॅकच्या मागून निसटला तर दोष कॉर्नरबॅकचा की मदतीला न पोचलेल्या सेफ्टीचा, हे चित्रफितीवरून दर वेळी ठरवता येत नाही. तेव्हा ७२ किंवा ८५ अशा गुणांना निकाल न मानता पुरावा मानावं, आणि तोही इतर पुराव्यांबरोबर तपासावा.

‘हा सांघिक खेळ आहे, एकट्याचं मूल्यमापन होऊच शकत नाही’ असं म्हणून हात झटकणंही मला मान्य नाही. संघात ५३ जणांनाच जागा असते, बहुतेकांच्या करारातला पूर्ण पैसा हमीचा नसतो. कोणाला ठेवायचं आणि कोणाला सोडायचं हे दरवर्षी ठरतंच, म्हणून न्यायाने मोजणं हे कर्तव्यच आहे. त्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. या प्लेला त्याचं काम काय होतं? समोर कोण होतं आणि सोबत कोण होतं? एवढं धरून त्याने आपलं काम केलं का? उदाहरणार्थ, झॅक बॉन न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडे असताना फारसा कोणाच्या लक्षात आला नव्हता. ईगल्सच्या बचावाचे सूत्रधार विक फँजिओ यांनी त्याला कडेवरून आत, लाइनबॅकरच्या मधल्या जागी आणलं, आणि त्याच हंगामात त्याची ऑल-प्रो या हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीतल्या पहिल्या संघात निवड झाली. पहिला प्रश्न आधी कोणी विचारला असता, तर त्याची योग्यता तेव्हाच दिसली असती.

हा विषय आपल्या घरापर्यंतही येतो. आपली मुलं आता इथल्या शाळांच्या संघांतून खेळतात, आणि काही जण लाइनमध्ये उभे राहतात. सामन्यानंतर त्यांना ‘टचडाउन किती केलेस?’ असं विचारणं अन्यायाचं आहे, कारण ते त्यांचं कामच नव्हतं. आज तुला कोणाला अडवायचं होतं आणि तो किती वेळा निसटला, हे विचारा. त्यासाठी आपल्याला खेळ थोडा अधिक शिकावा लागेल. पुढच्या रविवारी एखादा पूर्ण ड्राइव्ह, म्हणजे एका संघाकडे चेंडू असेपर्यंतचा खेळ, चेंडूकडे न बघता फक्त लेफ्ट टॅकलकडे बघून पाहा. कोण चांगला खेळला, हे आपण आजवर किती घाईने ठरवत होतो ते तेवढ्यातच लक्षात येईल.