गुहेतून आलात? मग डॉक्टरांना तसे सांगा



नागपंचमी जवळ आली की आपल्या यवतमाळ जिल्ह्यातून गाड्या भरून मंडळी पचमढीकडे निघतात. सातपुड्याच्या व्याघ्र प्रकल्पातली नागद्वारीची वाट वर्षातून याच काही दिवसांत उघडते. मित्रांसोबत भर पावसात डोंगर चढायचा, वाकून गुहेत शिरायचे, नारळ फोडायचा, कापूर लावायचा. यातला आनंद मी तरुणपणी घेतला आहे. त्यामुळे "जाऊ नका" असे मी म्हणणार नाही.

गुहेत देवासाठी काही ठेवून यावे, ही ओढ जगभर आहे. मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशात जंगलातल्या एका गुहेत माया लोकांनी हजार वर्षांपूर्वी वाहिलेली मातीची भांडी आजही आहेत. श्रद्धा वेगवेगळ्या असल्या तरी फुप्फुसे सगळ्यांची सारखीच.

पहिला धोका धुराचा. अरुंद गुहेत गर्दी, त्यात कापूर आणि उदबत्त्या. हवा खेळत नाही, कार्बन डायऑक्साइड साचतो. आमच्या टोळीतला एक धडधाकट मित्र असाच घेरी येऊन खाली बसला होता. बाहेर आणल्यावर दहा मिनिटांत सावरला. "दिवा जळतोय म्हणजे हवा चांगली" या समजावर विसंबू नका. डोके जड झाले, धाप लागली की लगेच बाहेर या. दम्याच्या आणि हृदयाच्या रुग्णांनी बाहेरूनच हात जोडावेत.

दुसरा धोका वटवाघळांच्या विष्ठेचा. अशा मातीत हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी वाढू शकते. पायाने धूळ उडाली की तिचे सूक्ष्म बीजाणू श्वासातून आत जातात. बहुतेकांना काहीच होत नाही. काहींना मात्र साधारण ३ ते १७ दिवसांनी ताप, कोरडा खोकला, छातीत दुखणे, थकवा सुरू होतो. हा आजार एकाकडून दुसऱ्याला होत नाही. पण एक्स-रेवरचा डाग क्षयरोगासारखा दिसू शकतो. आपल्याकडे क्षयरोग जास्त, म्हणून डॉक्टरांना आधी त्याचीच शंका येते आणि त्यात त्यांचे चुकत नाही. क्षयाच्या गोळ्यांनी मात्र बुरशी मरत नाही.

माझी खरी तक्रार इथे आहे. रुग्ण सांगतात, "पावसात भिजलो जी, सर्दी झाली." गुहेचा शब्दही नाही. कोणी म्हणते, देवाच्या ठिकाणाहून आजार कसा येईल? तुम्ही देवाला दोष देत नाही आहात, डॉक्टरांना माहिती देत आहात. त्या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते.

माझे स्पष्ट मत असे: कापूर-उदबत्ती गुहेच्या तोंडाशीच लावा, नवस तिथेही फिटतो. कोरड्या, धुळीच्या गुहेत एन-९५ मास्क लावा, रुमालाने बीजाणू अडत नाहीत. वटवाघळांना हात लावू नका. ती चावली किंवा त्यांनी ओरखडले तर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा, कारण रेबीजवर नंतर इलाज नाही. एचआयव्हीबाधित असाल, स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील, तर आत जाण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

आणि परतल्यावर तीन आठवड्यांत ताप-खोकला आलाच, तर मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेऊ नका. दवाखान्यात या आणि पहिल्याच वाक्यात सांगा, "डॉक्टरसाहेब, मी गुहेत गेलो होतो."

यात्रा सुखाची होवो!