आधी चौकट पूर्ण दाखवा

'द मॅग्निफिसंट सेव्हन' (1960) आणि त्याचा पुढचा भाग 'रिटर्न ऑफ द सेव्हन' (1966) लागोपाठ दाखवलेल्या मंडळांच्या चिटणिसांची टिपणं समोर आहेत. जवळपास प्रत्येकात तेच वाक्य: 'दुसऱ्या भागाबद्दल सभासदांची मते संमिश्र होती.' एका चिटणिसांनी तर यापुढे सिक्वेल दाखवूच नयेत, असा ठराव कार्यकारिणीपुढे ठेवला आहे. त्याआधी सभासदांनी नेमकं काय पाहिलं, हे त्यांनी तपासायला हवं होतं.

यांतल्या एका खेळाला मी स्वतः होतो. दोन्ही चित्रपट स्कोपमधले, 2.35:1, सभागृहाचा पडदा 16:9. वर-खाली काळ्या पट्ट्या दिसताच व्यवस्थापक धावत आले. 'एवढा पडदा वाया कशाला घालवता?' म्हणाले आणि लेन्स फिरवून चित्र पडदाभर करायला लावलं. रुंदीचा जवळजवळ चौथा हिस्सा गेला. सातजण घोड्यांवरून निघाले तेव्हा मी मोजले: पाच. सहाव्याच्या घोड्याचं तोंड उजव्या कडेला दिसत होतं, बाकीचं पडद्याबाहेरच्या काळ्या झालरीवर पडून विरत होतं. सबटायटल्सच्या लांब ओळींची दोन्ही टोकंही तिथेच गेली. उठून तक्रार केली, तर उत्तर मिळालं की सेटिंग बदलायचं असेल तर कार्यालयात लेखी अर्ज द्या. बिघडवायला अर्ज लागला नव्हता! चिटणीस तेव्हा दाराशी चहाचे कप मोजत होते. हीच तक्रार आणखी तीन गावांच्या वाचकांनी कळवली आहे.

आणि तरीही सभासदांनी जे लिहिलं, ते 'संमिश्र' या एका शब्दात कोंबून टाकण्यासारखं नाही. बहुतेकांना स्टीव्ह मॅक्वीन नसल्याचं खटकलं. त्याची व्हिनची भूमिका इथे रॉबर्ट फुलर करतो, चिकोच्या जागीही दुसरा नट आहे. जुन्यांपैकी परतला तो एकटा यूल ब्रिनर. एका सभासदाने लिहिलंय, 'गाव ओळखीचं वाटत नाही.' बरोबर पकडलं. पहिला भाग मेक्सिकोत चित्रित झाला, दुसरा स्पेनमध्ये. एल्मर बर्न्स्टाइनचं संगीत मात्र तेच, आणि दोन्ही वेळा त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. कान ओळखतात ते डोळ्यांना सापडत नाही, अशी ही अडचण आहे.

माझं मत विचाराल तर दुसरा भाग कमी प्रतीचा आहे. जॉन स्टर्जेसने सात माणसं गोळा करण्यात जो निवांतपणा दाखवला, तो बर्ट केनेडीकडे नाही. 128 मिनिटांच्या जागी 95 मिनिटं आहेत आणि नवी माणसं घाईघाईत भरती होतात. पण खलनायक लोर्का बघा. मेलेल्या मुलांच्या स्मरणार्थ चर्च बांधायला तो गावातले पुरुष पकडून नेतो. पहिल्या भागातला काल्वेरा धान्यासाठी येतो, हा दुःखापायी येतो. ही भूमिका करणारा एमिलिओ फर्नांदेस म्हणजे 'मारिया कांदेलारिया'चा दिग्दर्शक. 1946 साली कानमध्ये सर्वोच्च पुरस्कार मिळालेल्या चित्रपटांत चेतन आनंदच्या 'नीचा नगर'बरोबर तोही होता. एवढी ओळख खेळाआधी दोन मिनिटांत करून दिली असती, तर त्या चेहऱ्याकडे सभासदांनी निराळ्या नजरेने पाहिलं असतं. एकाही टिपणात फर्नांदेसचं नाव नाही.

चिटणीसहो, तो ठराव मागे घ्या. सिक्वेल जरूर दाखवा, मूळ चित्रपटाला लागूनच दाखवा. कुठे कमी पडला हे जोडीने पाहिल्यावरच कळतं. पुढच्या खेळाला अर्धा तास आधी पोचा. स्कोपमधलं एक दृश्य लावून चित्राच्या चारही कडा पडद्याच्या आत आहेत ना, हे स्वतः बघा. सभागृहाच्या करारात 'चित्राची चौकट बदलली जाणार नाही' ही ओळ भाडं भरण्याआधी लिहून घ्या. प्रतिक्रियापत्रकावरचे उत्तम, बरा, ठीक हे रकाने काढून चार ओळी कोऱ्या ठेवा. आणि टिपण पाठवाल तेव्हा पडद्यावर किती घोडेस्वार दिसले, तेही कळवा.