सावतोबांच्या मळ्यातली मिरची

परसबागेवर लिहिण्याची मराठीत एक ठरीव रीत होऊन बसली आहे. लेखक सकाळी चहाचा पेला घेऊन मागील दारी येतो, मांडवावर लोंबणारा दुधी पाहतो, त्याला आजी आठवते, आजीच्या हातची भाजी आठवते आणि तिसऱ्या परिच्छेदात तो निसर्गाशी एकरूप होऊन जातो. या लेखांतल्या वेलींवर मावा कधी पडत नाही. दुधीला फळमाशी डंख मारीत नाही. आळ्यात पाणी कोणी घातले, हे तर शेवटपर्यंत कळत नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हात ‘नुकतीच उमललेली’ दोडक्याची पिवळी फुले अशा लेखांत हमखास भेटतात. दोडक्याचे फूल संध्याकाळी उमलते. पहाटे उमलते ते घोसाळ्याचे. दोन्ही पिवळीच, पण ज्याने एक हंगाम वेल राखला आहे त्याची ही चूक होणार नाही.

एवढ्यावरून भांडण उकरून काढू नये, असे कोणी म्हणेल. मान्य. भावुकता हा मराठी ललित गद्याचा जुना आजार आहे आणि त्याने आजवर कोणी दगावलेले नाही. माझे भांडण निराळे आहे. वस्तूकडे न पाहता तिच्या अर्थाकडे धाव घेण्याची हीच खोड आम्ही मराठीचे अध्यापक रोज वर्गात शिकवीत आहोत, आणि तिला ‘रसग्रहण’ असे भारदस्त नाव देत आहोत.

सावता माळ्यांचेच उदाहरण घ्या. परंपरेने त्यांचा काळ १२५० ते १२९५ असा मानला जातो. गाव सोलापूर जिल्ह्यातले अरण. भाजीच्या मळ्यातच विठ्ठल पाहणारा त्यांचा अभंग शाळेपासून एम.ए.पर्यंत कोठे ना कोठे अभ्यासाला असतो. त्यावरचे उत्तरही ठरलेले असते: भाजी हे प्रतीक, श्रम हीच ईश्वरसेवा, कर्मयोगाचा संदेश. पाचांपैकी चार गुण. या उत्तरात कांद्याच्या जागी गुलाब घातला तरी एक शब्द बदलावा लागणार नाही, हीच त्याची खरी परीक्षा आहे आणि त्या परीक्षेत ते नापास होते.

कारण सावतोबांनी गुलाब घेतला नाही, तुळसही घेतली नाही. त्यांनी कांदा घेतला आणि लसूण घेतली. चातुर्मासात, एकादशीला, सोवळ्याच्या स्वयंपाकात जे वर्ज्य, तेच त्यांच्या लेखी हरी झाले. एवढा मोठा सामाजिक आघात ‘श्रमप्रतिष्ठा’ या गुळगुळीत शब्दाखाली आपण किती सहज पुरून टाकतो! पुढे पाहा. कांदा, लसूण, मुळा, कोथिंबीर ही मंडळी एका मळ्यात एका वेळी सुखाने नांदतात ती थंडीच्या दिवसांत. सोलापूरच्या अवर्षणाच्या मुलखात थंडीत पाऊस कोठला? म्हणजे हा विहिरीवरचा मळा आहे. आणि खरोखरच त्याच अभंगात विहीर येते, मोट येते, तिचे दोर येतात. वर्गात आपण भाज्यांपाशी थांबतो. पाणी उपसण्याची ही साधने ‘इत्यादी’ म्हणून सोडून देतो. ज्याने परसात कांद्याचा एक वाफा केला आहे, दर आठ दिवसांनी त्याला पाणी दिले आहे आणि काढणीपूर्वी पंधरा-वीस दिवस ते तोडून माना पडण्याची वाट पाहिली आहे, त्याला हे ‘इत्यादी’ म्हणवणार नाही.

आता मिरचीकडे येऊ. छापील गाथांमधल्या त्या अभंगात लसणीच्या शेजारी मिरचीही आहे. मिरची मूळची अमेरिका खंडातली. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ मध्ये, गोवे पोर्तुगीजांच्या हाती गेले १५१० मध्ये. मिरची आपल्याकडे आली ती त्यानंतर, सोळाव्या शतकात. तेराव्या शतकात अरणच्या मळ्यात ती असणे शक्य नाही. तो शब्द पूर्वी मिऱ्यांसाठी असेल, अशी पळवाट काढता येते. पण मिऱ्यांच्या वेलीला कोकण-मलबाराची दमट हवा आणि सावली लागते, माढ्याच्या उन्हात तो वेल कांद्याच्या शेजारी लावून पाहावा! उरतात दोन शक्यता. एक तर पिढ्यान्‌पिढ्या गाणाऱ्यांनी आपल्या मळ्यातली मिरची सावतोबांच्या मळ्यात लावली, किंवा ते चरण (कदाचित तो अभंगच) उत्तरकालीन आहे. परंपरा सांगते की सावतोबांचे अभंग काशिबा गुरवांनी लिहून ठेवले. त्या लेखनापासून छापील गाथेपर्यंतच्या वाटेवर काय काय घडले, हा पाठचिकित्सेचा केवढा गंभीर प्रश्न आहे! तो उपस्थित व्हायला हस्तलिखितेसुद्धा लागत नाहीत, फक्त मिरचीचे रोप कोठून आले एवढे माहीत असावे लागते. मला तरी पहिली शक्यता अधिक मोहक वाटते. अभंग जिवंत राहतो तो असाच, गाणाऱ्याच्या परसात जे पिकते ते पोटात घेत.

जाता जाता: ‘देशी’ म्हटले की सोवळे नेसून बसणाऱ्या आमच्या काही मित्रांनी ‘टीकास्वयंवर’ (१९९०) क्षणभर मिटून परसात एक फेरी मारावी. (नेमाडे यांचे म्हणणे याहून पुष्कळ गुंतागुंतीचे आहे, मी बोलते आहे ते अनुयायांविषयी.) वांगे, दोडका, शेवगा इथलेच. पण मिरची, टोमॅटो, पपई, पेरू आणि तो थोरला लाल भोपळा, सगळे पाहुणे. बटाटा, काजू, अननस यांची तर नावेही पोर्तुगीजांबरोबर आली. ठेचा देशी आहे की नाही, हे ठरवायला मिरचीची जन्मपत्रिका उपयोगी पडत नाही, पाटा-वरवंटा पडतो.

भाषेचेही तेच. ‘जीवन आणि साहित्य यांची सांगड’ आम्ही समीक्षक उठल्यासुटल्या घालत असतो. सांगड म्हणजे ओंडके, नावा किंवा वाळलेले भोपळे एकत्र बांधून केलेला तराफा. पाण्यात बुडू नये म्हणून केलेली सोय. हा भोपळा म्हणजे दुध्याच्या जातीचा, जून होऊन वाळला की आतून पोकळ होणारा, वीणेला लागतो तो. मांडवावर एखादा दुधी काढायचा राहून गेला की तो कसा हलका, कठीण होत जातो हे पाहिल्यावर या शब्दाचे वजन कळते. ‘अळवावरचे पाणी’ म्हणजे क्षणभंगुर, असे आपण पाठ करतो. अळूच्या पानावर पावसाचा थेंब पाहावा: वारा नसेल तर तो बराच वेळ तसाच डुलत राहतो. टिकत नाही यापेक्षा तो पानाला लागत नाही, हे अधिक खरे. पान कोरडेच.

आणि अळू लावायचा कोठे? मोरीचे पाणी जाते तिथे. परस ही घराची मागची, उरल्यासुरल्याची जागा होती. खरकटे, राख, भांड्यांचे धुवण तिकडे जाई आणि त्यावर अळू, केळ, पपई पोसली जात. हे पाणी वळवणारी, आळे करणारी, मांडव बांधून घेणारी बाई आणि ओटीवर बसून निबंध लिहिणारा गृहस्थ यांच्यामध्ये अख्खे घर होते. ललित निबंधातल्या परसाला मोरीचा वास का नाही, याचे उत्तर त्या अंतरात आहे. घरच्या भाजीची चव मी नाकारत नाही. संध्याकाळी तोडलेला कोवळा दोडका आणि त्याच्या शिरांची तीळ-खोबरे घालून केलेली चटणी यांच्यासाठी मी ओळखीच्या घरची पंगत टाळली आहे. पण ती चव कष्टांच्या हिशेबासकट येते. अळूला चिंच का घालायची, हे घशाला खाज सुटल्याशिवाय कळत नाही.

आक्षेप ठाऊक आहे: साहित्य म्हणजे वनस्पतिशास्त्र नव्हे, आणि सदनिकेत राहणाऱ्या विद्यार्थ्याला परस कोठला? पहिल्याचे उत्तर मिरचीने दिले आहे. दुसरा आक्षेप घेणाऱ्यांनी निमशहरी महाविद्यालयातला मराठीचा वर्ग एकदा डोळे उघडून पाहावा. तिथली निम्मी मुले शेतकऱ्यांची, बागवानांची, मंडईत टोपली घेऊन बसणाऱ्यांची आहेत. कांद्याचे पाणी कधी तोडायचे हे त्यांना माझ्याहून चांगले कळते. पण उत्तरपत्रिकेत त्यातले अक्षर येत नाही. तिथे मार्गदर्शिकेतले ‘प्रतीक’ येते. हे ज्ञान उत्तरात लिहिण्यासारखे नाही, हे त्यांना आपणच शिकवले आहे, तेही सावता माळी शिकवता शिकवता. यासारखी क्रूर विसंगती दुसऱ्या कोणत्या विषयाच्या वर्गात घडत असेल असे वाटत नाही.

मागे एकदा दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मिरचीचे हे कोडे मांडले. मागच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी मुलगी म्हणाली, “पण मॅडम, मग त्यांच्या घरी भाजीला तिखट काय घालत असतील?” आले, मोहरी, पिंपळी अशी यादी मी दिली, मिऱ्यांचेही नाव घेतले. “मिरं परवडत असेल का माळ्याला?” तिने विचारले. मलबारातून येणारे मिरे अरणच्या चुलीपर्यंत पोहोचत होते का, हे मला सांगता आले नाही. तास संपेपर्यंत मुले त्यावरच भांडत होती, आणि गाथा पहिल्यांदाच मुकाट्याने नव्हे, शंका घेत उलटल्या जात होत्या.