काठावरचे मूल

गणपती उठले की आपल्या ओपीडीत सर्दी-तापाच्या जोडीला एक प्रश्न हमखास येतो. "कासला निघालोय डॉक्टर, बाळाला न्यावं का? आणि तेवढं उलटीचं औषध लिहून द्या." बेत ठरलेला असतो. फलटणहून पहाटे निघायचे, आदर्की-वाठारमार्गे सातारा गाठायचे, यवतेश्वरचा घाट चढून फुले आणि कास तलाव बघायचा आणि रात्री जेवायला घरी. नाहीतर वाईवरून पसरणीचा घाट, पाचगणी, महाबळेश्वर आणि वेण्णा लेकवर होडी. गाडीत आजी-आजोबा, काका-काकू, दोन-तीन मोठी मुले आणि कोणाच्या तरी मांडीवर दीड-दोन वर्षांचे बाळ.

आपल्यातले काही जण म्हणतात, "एवढ्या लहानाला कशाला? त्याला काय आठवणार आहे?" काही जण मुकाट्याने बाटली लिहून देतात. पहिल्या उत्तराने आई-बाप जायचे थांबत नाहीत, फक्त पुढच्या वेळी विचारत नाहीत. दुसऱ्याने त्यांना वाटते, औषध मिळाले म्हणजे तयारी झाली. आमचे मत असे की मुलाला जरूर न्यावे. ओला चिखल, वारा, धुके आणि नजर पोचणार नाही एवढे पाणी त्याला आठवले नाही तरी त्या दिवशी त्याचे असते. डॉक्टरांनी मात्र बोलायचे ते उलटीपेक्षा वेगळ्याच गोष्टींबद्दल.

आधी उंचीची भीती बाजूला करू. फलटण समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर आहे, कासचे पठार बाराशेच्या आसपास आणि महाबळेश्वर १३७२ मीटरवर. विमानाच्या केबिनमधला हवेचा दाबच मुळी १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तेवढा असतो. म्हणजे मुंबई-दिल्ली विमानात बसलेले तान्हे मूल महाबळेश्वरच्या मुलापेक्षा विरळ हवेत असते. विरळ हवेचा आजार साधारण २५०० मीटरच्या पुढे विचारात घ्यायचा. महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत तेवढा उंच डोंगरच नाही. घाट उतरताना कानाला दडे बसून मूल रडते, तेव्हा अंगावर पाजावे किंवा घोटघोट पाणी द्यावे, एवढे पुरते.

थंडीचे मात्र खरे आहे. फलटणला वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि महाबळेश्वरला त्याच्या दहापटीहून जास्त. घरून निघताना ऊन असते, म्हणून मुलाच्या अंगात झबले असते, आणि पठारावर धुके, वारा, पाऊस एकदम भेटतात. लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ मोठे, त्यामुळे भिजलेले मूल मोठ्यांपेक्षा फार लवकर गार पडते. कोरड्या कपड्यांचे दोन जोड, टोपी आणि मोजे हे स्वेटरइतकेच महत्त्वाचे. ओला सुती कपडा तसाच अंगावर ठेवून वरून शाल गुंडाळण्यात अर्थ नाही.

उंचीचा प्रश्न खऱ्या अर्थाने येतो तो मे महिन्यात, आपल्याकडची कुटुंबे सिक्कीम-लडाखला निघतात तेव्हा. गंगटोक १६५० मीटरवर, आणि तिथून एका दिवसात दाखवतात तो छांगू तलाव ३७५० मीटरच्या आसपास. चाळीसेक किलोमीटरमध्ये मूल दोन हजार मीटर वर जाते. लेहहून पँगाँगला जाताना चांग ला ही खिंड ५३०० मीटरच्या पुढे आहे, आणि उत्तर सिक्कीममधला गुरुडोंगमार तलाव पाच हजारांच्या वर. बोलता न येणारे मूल "डोके दुखते" असे सांगत नाही. ते किरकिरते, दूध नाकारते, खेळत नाही, नीट झोपत नाही. उंचीवर या खुणा दिसल्या की दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत कारण उंचीच धरायचे आणि मुलाला खाली आणायचे. जन्मजात हृदयविकार, फुप्फुसांतला वाढलेला रक्तदाब, डाउन सिंड्रोम किंवा नुकताच झालेला छातीचा संसर्ग असेल, तर या तलावांचा बेत आपणच मोडावा. बाकीच्यांना निदान एवढे सांगावे, की दोन वर्षांच्या मुलासाठी गुरुडोंगमार वगळले तर काही बिघडत नाही.

आता मूळ मुद्दा, म्हणजे पाणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ मधल्या अहवालानुसार २०२१ साली जगभरात सुमारे तीन लाख लोक बुडून मेले आणि त्यांतली जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुले होती. या वयात डोके शरीराच्या मानाने जड असते. मूल वाकून पाण्यात हात घालते, तोल पुढे जातो आणि तोंड पाण्याखाली गेल्यावर उठण्याइतके बळ त्याच्याकडे नसते. वीतभर पाणी त्याला पुरते. आणि सिनेमात दाखवतात तसा आरडाओरडा होत नाही. बुडणारे लहान मूल आवाज न करता बुडते.

सहलीत हा धोका वाढतो तो माणसे जास्त असतात म्हणून. दहा मोठी माणसे बरोबर असली की प्रत्येकाला वाटते, कोणीतरी बघतेय. काठावर सतरंजी अंथरून डबे उघडतात, फोटो सुरू होतात आणि त्या दोन मिनिटांत मूल कोणाच्याच वाटणीला नसते. म्हणून सल्ला नेमका द्यावा. काठावर असेपर्यंत एका वेळी एकाच माणसाचे नाव घेऊन त्याच्यावर मूल सोपवायचे. त्याने मोबाइल खिशात ठेवायचा, मुलापासून हातभर अंतरावर राहायचे आणि दुसऱ्याला नाव घेऊन सांगितल्याशिवाय जागा सोडायची नाही. मोठ्या बहीण-भावावर ही जबाबदारी टाकायची नाही. होडीत बसायचे तर मुलाच्या मापाचे लाइफ जॅकेट हवे. मोठ्यांचे जॅकेट त्याच्या अंगातून वर निसटते आणि ते घातलेय या समाधानात आपण निर्धास्त होतो. मापाचे मिळाले नाही तर होडी राहू द्यावी, काठावरून बदके दाखवावीत.

आणि घडलेच तर? पाण्यातून काढलेल्या मुलाला उलटे धरून फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे हे आपल्याकडे अजून सर्रास चालते. त्यात वेळ जातो आणि पोटातले छातीत जाते. बुडालेल्याला आधी श्वास लागतो. तोंडावाटे श्वास देणे आणि मग छाती दाबणे, हा क्रम पालकांना आपल्याखेरीज कोण शिकवणार? दवाखान्यात एक बाहुली ठेवली तर पाच मिनिटांत दाखवता येते.

गाडीबद्दलही बोलायला हवे, कारण दिवसाचे पाच-सहा तास मूल तिथेच असते. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब प्रमाणे चौदा वर्षांखालचे मूल पट्टा किंवा बालआसनाशिवाय नेल्यास एक हजार रुपये दंड आहे. भाड्याच्या एर्टिगात बालआसन नसते, हे आपल्याला ठाऊक आहे. नसलेच तरी काही गोष्टी टाळता येतात. पुढच्या सीटवर एअरबॅगसमोर मूल मांडीवर घेऊ नये, आणि स्वतःच्या पट्ट्याच्या आत मुलाला बांधू नये, कारण धडकेत आईचे सगळे वजन त्याच्यावर येते. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांना मात्र सांगावे की मोबाइलच्या निम्म्या किमतीत आसन येते. मोटारसायकलवरून टाकीवर मूल बसवून घाट चढणारेही कमी नाहीत. चार वर्षांखालच्या मुलाला हेल्मेट आणि चालकाला बांधणारा पट्टा सक्तीचा आहे, वेगाची मर्यादा ताशी ४० किलोमीटर. खरे तर या वयाच्या मुलासाठी घाटाचा प्रवास दुचाकीवरून नकोच.

मग उलटीच्या बाटलीचे काय? दोन वर्षांखाली गाडी लागणे क्वचितच असते, तो त्रास त्यानंतर वाढतो. दीड वर्षाचे मूल पसरणीच्या वळणांवर ओकले, तर निघताना पोटभर पाजलेले दूध, बंद काचा आणि गाडीतला उग्र वास हीच कारणे आधी बघावीत. प्रोमेथाझिन दोन वर्षांखाली देऊच नये, श्वास मंदावतो. ऑन्डान्सेट्रॉनचा गाडी लागण्यावर उपयोग नाही. याहून वाईट चाल म्हणजे मूल वाटेत झोपावे म्हणून सर्दीचे सिरप पाजणे. क्लोरफेनिरामिन-फिनिलएफ्रिनचे मिश्रण चार वर्षांखाली वापरू नये, असा केंद्रीय औषध नियंत्रकांचा आदेश डिसेंबर २०२३ पासून आहे. जुन्या चिठ्ठीवर ते मेडिकलमधून परत परत नेले जाते, हे आपण जाणतो.

खाण्याचे थोडक्यात. महाबळेश्वरचे चणे आणि घरचे शेंगदाणे चालत्या गाडीत या वयाच्या मुलाच्या हाती देऊ नयेत. श्वासनलिकेत अडकलेला दाणा घाटात काढता येत नाही. ओआरएसची पुडी बरोबर असावी. वापरलेले डायपर पिशवीत घालून घरी आणावेत. कारण कासचे पाणी सातारा शहर पिते.

हे सगळे सांगायला वेळ कुठे, ही अडचण रास्त आहे. पण वेळ आधीच ठरलेली आहे. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाचा पहिला डोस असतो आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा, त्रिगुणीच्या बूस्टरसोबत. मूल चालायला लागते ते याच दोन भेटींच्या मधल्या काळात. वाचकांना आमची सूचना अशी, की या दोन्ही भेटींत प्रवास आणि पाणी हा विषय वजन-उंचीच्या नोंदीइतकाच नेमाने निघावा. आशाताई आणि एएनएम यांनाही तो द्यावा.

कारण कासचा काठ वर्षातून एकदा येतो. नीरा उजवा कालवा फलटणमधून रोज वाहतो. शेताशेतात प्लास्टिक अंथरलेली शेततळी झाली आहेत. त्यांचे उतार इतके गुळगुळीत असतात की मोठ्या माणसालाही धरायला काही सापडत नाही. प्रत्येक घरात हौद, बॅरल आणि भरलेली बादली आहे. कालव्याबद्दल आपण होऊन बोललो तर पालक मान डोलावून विसरतात. सहलीबद्दल ते स्वतः विचारत येतात, ऐकायला तयार असतात. तेव्हा उलटीच्या औषधाची मागणी झाली की पेन खाली ठेवावे आणि आधी विचारावे, "घराजवळ शेततळे आहे का? त्याला कुंपण आहे का?"