शेवाळ घासण्याआधी त्याची जात ओळखा

गोड्या पाण्यातल्या माशांची टाकी आता पुष्कळ घरांत दिसते. खाऱ्या पाण्याची, पोवळ्यांची टाकी हा मात्र त्याहून खर्चिक आणि नाजूक प्रकार. ती हौसेने आणतात घरातली पुरुषमंडळी आणि महिन्याभरात तिची राखण येते आपल्या वाट्याला. (आमच्याकडे ती धाकट्या भाऊजींनी आणली. त्यांची नागपूरला बदली झाली, टाकी इथेच राहिली!) मग एके दिवशी काचेवर, दगडांवर शेवाळ दिसू लागतं आणि आपला हात आपोआप घासणीकडे जातो. तो जरा आवरा. सगळी शेवाळं एक नसतात आणि सगळ्यांना एकच उपाय चालत नाही.

दगडावर गुलाबी-जांभळा, चुन्यासारखा घट्ट थर चढला असेल तर त्याला हातही लावू नका. हेही शेवाळच, पण ते वाढतंय म्हणजे तुमचं पाणी चांगलं आहे. मोरीतला डाग समजून ते खरवडलंत, तर मोकळ्या झालेल्या दगडावर नको ते शेवाळ आधी येऊन बसेल.

टाकी नवी असताना पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर तपकिरी पिठासारखा थर येतो. तो आपोआप जातो, काळजी नको. हिरव्या मण्यांसारखे फुगे दिसले तर न फोडता अख्खे उचला. फुटले तर पसरू शकतात.

हिरवं केसाळ शेवाळ हा नेहमीचा त्रास. उरलेलं अन्न आणि माशांची घाण कुजून पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट वाढतं, तेच याचं खत. हाताने उपटून बाहेर काढा, पण खाणं तेवढंच ठेवलंत तर पंधरवड्यात ते परत हजर! दोन मिनिटांत संपेल इतकंच खाद्य टाका. गोठवलेलं खाद्य असेल तर आधी वितळवून चहाच्या गाळणीत धुऊन घ्या (गाळणी वेगळी ठेवायची हं!). शेवाळ खाणाऱ्या चार समुद्री गोगलगायी ठेवल्यात तर पुष्कळ काम हलकं होतं. दुकानदार शेवाळ मारायचं औषध देऊ करतो. त्यात तांबं असेल तर शेवाळाआधी गोगलगायी, कोळंबी आणि पोवळी मरतील. मी तर असं औषध घरात आणतच नाही.

लालसर, बुळबुळीत थर असेल आणि तो दुधावरच्या सायीसारखा अख्खा सुटत असेल, तर ते खरं म्हणजे शेवाळ नव्हेच, एक प्रकारचे जीवाणू आहेत. पाणी जिथे साचून राहतं तिथे ते धरतात. नळीने ओढून काढा आणि पंपाचं तोंड त्या कोपऱ्याकडे वळवा. नळी तोंडाने ओढायची नाही, बरं का.

आता सगळ्यांत फसवा प्रकार. जुन्या टाकीत तपकिरी, शेंबडासारखे धागे, त्यांत हवेचे बुडबुडे. रात्री कमी, दुपारी जास्त. आणि गोगलगायी मरू लागलेल्या. हे डायनोफ्लॅजेलेट. आपण घाबरून आणखी पाणी बदलतो, खाणं आणखी कमी करतो, आणि ते आणखीच वाढतात! कारण पुष्कळदा हे पाणी फार स्वच्छ, उपाशी झाल्यावर येतात. पाणी तपासायचा संच आणून बघा. नायट्रेट, फॉस्फेट दोन्ही शून्य आली तर खाणं किंचित वाढवा आणि पाणी बदलणं काही दिवस थांबवा. शंका असेल तर एक थेंब शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरावा. आमच्या विज्ञानाच्या बाईंनी दाखवले, तेव्हा ते गरगर पोहत होते. नव्या टाकीतल्या त्या साध्या तपकिरी पिठाचे कण असे पोहत नाहीत.

पाण्याबद्दल दोन शब्द. चौपाटीवरून समुद्राचं पाणी भरून आणू नका. शहराचं सांडपाणी त्यात मिसळलेलं असतं. घरातलं मीठही चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असं बरंच काही असतं. टाकीसाठी वेगळं मीठ मिळतं, तेच घ्या. स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्रात पुष्कळदा चवीसाठी थोडं साधं पाणी मिसळायची सोय असते. ती बंद करून मगच पाणी घ्या. वाफेने पातळी उतरली तर भर गोड्या पाण्याची घालायची, कारण मीठ उडून जात नाही. आणि मालवणच्या सहलीतून पोवळ्याचा तुकडा टाकीसाठी आणायचा मोह नको. दगडी पोवळी २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, ती आणणं गुन्हा आहे.

शेवटची गोष्ट नीट वाचा. शेवाळ हटत नाही म्हणून टाकीतला दगड काढून उकळत्या पाण्यात टाकणं किंवा सिंकमध्ये खसाखसा घासणं, हे कधीही करू नका. बटणांच्या झुबक्यासारखी दिसणारी काही मऊ पोवळी, त्यांना झोअँथिड म्हणतात, त्यांत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असू शकतं. उकळल्यावर ते वाफेबरोबर नाकातोंडात जातं. २०१८ साली इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरला टाकीतलं पोवळं साफ करताना हेच विष सुटलं आणि अख्खं कुटुंब इस्पितळात गेलं. असा दगड पाण्यातच ठेवून, रबरी हातमोजे आणि चष्मा घालून साफ करा, मुलांना खोलीबाहेर ठेवून. त्यानंतर ताप, खोकला, धाप, तोंडाला धातूची चव असं काही जाणवलं तर सगळ्यांनी बाहेर मोकळ्या हवेत जावं आणि लगेच इस्पितळ गाठावं. डॉक्टरांना ‘टाकीतलं पोवळं’ आणि ‘पॅलिटॉक्सिन’ हे दोन्ही शब्द आपणहून सांगा, नाहीतर साध्या तापाच्या गोळ्या घेऊन घरी परत याल.