दोन रात्री, एकच रान

परीक्षा आटोपत आल्या, की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय पालटतो. लग्नकार्ये, नोकऱ्या, मुलांचे मराठी यांची चौकशी मागे पडते आणि ‘चार दिवसांत काय काय पाहून होईल?’ ही विचारणा पुढे येते. विचारणाऱ्यांत जबलपूरचे असतात, रायपूरचे असतात, बडोद्याचे असतात आणि आमच्या अयोध्या नगरातील शेजारीही असतात. देवळे, किल्ले आणि बाजारपेठा पाहून झालेल्या कुटुंबांस आता रान पाहावयाचे आहे. ही इच्छा आम्हांस मनापासून आवडते. मात्र तिला जोडलेली यादी वाचली, की उत्तर लिहिताना आमचा हात थबकतो. सांची, भोजपूर, भीमबेटका, पचमढी, मढई आणि ‘जमल्यास परतताना वाघ’! एवढ्या यादीत रान पाहणे दूरच राहिले, मोटारीतून उतरण्यासही सवड उरत नाही.

आमचा सल्ला थोडक्यात असा : चार दिवस असतील तर दोन ठिकाणे निवडावी, दोन दिवस असतील तर एकच, आणि जेथे जाल तेथे निदान एक रात्र, शक्यतो दोन रात्री, मुक्काम करावा. रानाचा खरा व्यवहार पहाटे आणि सांजवेळी चालतो. सकाळी दहाला पोहोचून चारला निघणाऱ्या पाहुण्यास फक्त उन्हात उभी असलेली झाडे भेटतात.

भोपाळच्या मराठी माणसास ही गोष्ट नव्याने सांगावी लागते, याला कारण आहे. १९५६ साली नवे मध्य प्रदेश राज्य झाले, राजधानी भोपाळ ठरली आणि नागपूरची कितीतरी नोकरदार कुटुंबे बदलीच्या हुकुमासरशी येथे आली. पाठोपाठ भेलचा कारखाना उभा राहिला व त्यानेही मराठी कुटुंबे आणली. या पिढीची सुट्टी म्हणजे नागपूर, अमरावती, फार तर पुणे. इटारसीकडे जाणारी गाडी बरखेडा ते बुधनी या घाटात रातापाणीच्या ऐन रानातून जाते. पण तो टापू येईपर्यंत आमच्या डब्यात दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या सुटलेल्या असत. रान खिडकीबाहेरून जाई आणि आम्ही लोणच्याची बरणी कोणाकडे आहे याचा शोध घेत असू.

त्याच मार्गावर एका मराठी माणसाने खिडकीबाहेर नीट पाहिले होते. नीमचला जन्मलेले आणि उज्जैनला कर्मभूमी मानणारे डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर १९५७ साली आगगाडीने जात असता त्यांना दूर डोंगरमाथ्यावर मोठमोठ्या शिळांची रांग दिसली. युरोपातील चित्रगुहांच्या परिसराशी तिचे साम्य त्यांच्या ध्यानी आले. ते पुढे पायी त्या शिळांपर्यंत गेले आणि भीमबेटक्याची चित्रे जगापुढे आली. सातशेंहून अधिक शैलाश्रयांचा तो समूह २००३ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. भीमबेटक्याच्या सभोवारचे रातापाणी अभयारण्य डिसेंबर २०२४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले, तेव्हा त्यालाही वाकणकरांचे नाव देण्यात आले. आमच्या अयोध्या नगराहून ते अंतर जेमतेम पन्नासेक किलोमीटर असेल. एवढ्या जवळच्या रानावर मराठी नाव असावे आणि आमच्या घरांतील निम्म्या मुलांनी ते पाहिलेले नसावे, हे आम्हांस खटकते.

भीमबेटक्यास बहुतेक लोक तासाभरात उरकून टाकतात. पाहुण्यांसाठी मोजकेच शैलाश्रय खुले आहेत, हे खरे. पण त्यांतील प्राण्यांनी गजबजलेल्या एका शिळेपुढे अर्धा तास बसून पाहावे. गेरूच्या व पांढऱ्या रंगांत हरणे, गवे, हत्ती एकमेकांवर रेखलेले दिसतात. एका काळच्या चित्रावर दुसऱ्या काळच्या माणसाने, जुने न पुसता, आपले चित्र काढले आहे. मुलांस हे थर उलगडून दाखवावे. मग बाहेरच्या रानाकडे पाहून, भिंतीवरील कोणते प्राणी अजून येथे आहेत आणि कोणते गेले, हे त्यांनाच विचारावे. याहून चांगला निसर्गपाठ आम्हांस ठाऊक नाही.

येथे एक सूचना. या शिळांवर आग्या मोहोळे असतात. अत्तर फासून जाऊ नये, धूर करू नये, आरडाओरड तर मुळीच नको. या मोहोळांनी एकदा मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही चकविले आहे. २०२१ साली येथील एका गुहेच्या छतावर डिकिन्सोनिया नावाच्या, सुमारे पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाचा ठसा सापडल्याची वार्ता जगभर पसरली. २०२३ साली दुसऱ्या संशोधकांनी तपासून दाखविले, की तो आग्या माश्यांच्या जुन्या पोळ्याचा झडून उरलेला अवशेष होता. पहिल्या संशोधकांनीही ते मोकळेपणाने मान्य केले. विज्ञानाची ही रीत मुलांना आवर्जून सांगण्यासारखी आहे.

भीमबेटका पाहून त्याच संध्याकाळी घरी परतू नये. रातापाणीतच देलावाडीस वनखात्याचा मुक्काम आहे. त्याची नोंदणी आधी करून ठेवावी. जवळच गिन्नौरगढ हा गोंड राजांचा किल्ला आहे. भोपाळच्या ज्या स्थानकाला २०२१ पासून राणी कमलापतीचे नाव आहे, तिच्या सासरचा हा गड. वाघ दिसेल काय, हा प्रश्न मनातून काढून टाकूनच येथे यावे. दिसला तर आनंदच. पण वाघासाठी गाडी दामटणारे कुटुंब सांबराची हाक, माकडांचा इशारा आणि वाळूतील ताजी पावले या तिन्ही गोष्टींना मुकते. येथील आनंद झाडांचा आहे. आजीआजोबा सोबत असले तर फारच उत्तम. वाटाड्या ‘साज’ म्हणेल तो आपला ऐन, ‘तेंदू’ म्हणजे टेंभुर्णी, ‘अचार’ म्हणजे चारोळीचे झाड, ‘महुआ’ तर आपला मोहच. मुलांनी एका वहीत समोरासमोर दोन्ही नावे लिहावीत. हिंदी प्रदेशात वाढणाऱ्या मुलाचे मराठी असे वाढते तसे पाठ्यपुस्तकाने वाढत नाही.

ऋतू पाहून बेत करावा. पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, व्याघ्र प्रकल्पांचा गाभा पाहुण्यांस बंद असतो. ऑक्टोबरात ओढे वाहते असतात आणि गवत डोक्याएवढे. प्राणी कमी दिसतात, पण रान सर्वांत देखणे तेव्हाच. फाल्गुनात पळस फुलतो, पाठोपाठ मोहाची फुले गळू लागतात. त्या दिवसांत पहाटे झाडाखाली टोपल्या घेऊन बसलेली बायकामुले दिसतील. ती फुले म्हणजे त्यांच्या वर्षाच्या मिळकतीतील मोठा वाटा आहे, हे ध्यानात ठेवून त्यांवरून चालू नये. ‘किती छान सुवास!’ म्हणत मूठभर खिशात टाकणेही बरे नव्हे. बुधवारी दुपारी मध्य प्रदेशातील व्याघ्र प्रकल्पांत सफारी बंद असते. रात्रीच्या सफारीचे आमिष कोणी दाखविल्यास भुलू नये. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये व्याघ्र प्रकल्पांतील रात्रीचे पर्यटन बंद करण्याचे आदेश दिले आहेत.

आणि वेग आवरावा. जुलै २०२४ मध्ये बुधनीजवळ मिडघाट येथे वाघिणीचे तीन बच्चे रुळांवर गाडीखाली सापडले. एक जागीच गेला. जखमी दोघांना भोपाळला आणण्यासाठी एका डब्याची खास गाडी सोडण्यात आली. वनविहारात उपचार झाले, पण तेही वाचले नाहीत. आमच्या दशम्या ज्या मार्गावर सुटत, तोच हा मार्ग. आगगाडीचा वेग आपल्या हाती नाही. पण रानातून जाणाऱ्या रस्त्यावर आपल्या मोटारीचा वेग निश्चित आपल्या हाती आहे, आणि ‘अंधार पडण्यापूर्वी पुढचे ठिकाण गाठू’ या घाईतूनच तो वाढतो. यादी लांबवू नका असे आम्ही म्हणतो, त्याला हेही एक कारण आहे.

ज्यांना आणखी दूर जावयाचे आहे त्यांनी सोहागपूरमार्गे मढई गाठावी. देनवा नदीच्या फुगवट्यावरून नावेतून पलीकडे गेले, की सातपुडा व्याघ्र प्रकल्पात पाऊल पडते. देशातील फार थोड्या व्याघ्र प्रकल्पांत वाटाड्याबरोबर पायी हिंडता येते. त्यांतील हा एक. पायी चालताना माणूस आपोआप गप्प होतो, आणि लहान मुलेही गप्प होतात हे विशेष. पहाटेच्या धुक्यात पाण्यावर बसलेले पक्षी पाहताना कोणासही वाटावे, की हे पाणी अनादी काळापासून येथेच आहे.

तसे ते नाही. हे तवा धरणाचे पाणी आहे आणि त्याखाली गोंड व कोरकू लोकांची गावे गेली आहेत. उठविलेल्या लोकांनी लढून १९९६ साली या जलाशयातील मासेमारीचा हक्क आपल्या सहकारी संघासाठी मिळविला आणि काही वर्षे तो उत्तम चालविला. पुढे संरक्षित वनाच्या कारणाने तो हक्क राहिला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये तवा जलाशयास रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय मान मिळाला. पक्ष्यांसाठी ही आनंदाची गोष्ट आहे आणि रान राखलेच पाहिजे याविषयी आमच्या मनात शंका नाही. पण ज्यांनी एकदा धरणासाठी आणि पुन्हा रानासाठी किंमत मोजली, त्यांच्या हाती आपल्या सहलीतून काय पडते, हा प्रश्न प्रत्येक पाहुण्याने स्वतःस विचारावा.

आमच्या कितीतरी घरांतील मुले आता परदेशी आहेत, आणि तेथून दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोरसारख्या देशांत आठ-आठ दिवसांच्या रानसहली करतात. त्या देशातील दोन गोष्टी येथे सांगण्याजोग्या आहेत. ॲमेझॉनच्या खोऱ्यात आचुआर लोकांच्या मुलखात १९९६ साली एका पर्यटन कंपनीने कापावी नावाचे निवासस्थान उभारले. काही वर्षांनी ते आचुआरांच्या मालकीचे व्हावे असे ठरले होते आणि २००८ साली ते खरोखरच त्यांच्या हाती आले. दुसरी गोष्ट राजधानी कीटोपासून दोनेक तासांवरील मिंदो भागातली. तेथील आंखेल पास या शेतकऱ्याने अँटपिटा नावाच्या अत्यंत लाजऱ्या पक्ष्यांना गांडुळे देऊन आपल्या हाकेस यावयास शिकविले. ते पक्षी पाहण्यास जगभरचे लोक येऊ लागले आणि त्याची रानजमीन रानच राहिली. (आमच्या वाचकांनी मात्र भीमबेटक्याच्या वानरांना पुऱ्या घालून हा प्रयोग करू नये. तेथील वानरांस पाहुण्यांच्या पिशव्यांची ओळख आधीच पुरेशी आहे.)

आपल्या हाती तेवढी मोठी व्यवस्था नाही. पण वाटाड्या त्याच गावचा घ्यावा, ठरलेल्या पैशांत घासाघीस करू नये, जेवण गावातल्या चुलीवरचे सांगावे. घरून नेलेल्या लाडू-धपाट्यांनी वाटेचा खर्च वाचतो हे आम्ही जाणतो. आमच्याही घरी तेच होते. तरी मुक्कामी एक वेळ तरी तेथील मक्याची भाकरी व हिरव्या मिरचीची चटणी मागवावी. त्यात गृहिणीस विसावा मिळतो, हा लाभ वेगळाच. पाण्यास घरच्या बाटल्या, कचऱ्यास कापडी पिशवी. आणि जे नेले ते सारे परत आणावे. भडक कपडे आणि गाणी वाजविणारी यंत्रे घरीच ठेवावीत.

पचमढीविषयी फार लिहीत नाही. ती सर्वांस ठाऊक आहे. नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीच्या यात्रेस विदर्भातून लोटणारी गर्दी टाळून जावे, एवढेच. त्या यात्रेची श्रद्धा मोठी आहे, परंतु रान पाहण्याचे ते दिवस नव्हेत.

ज्या घरी दुखणे आहे, अथवा सुट्टीच मिळत नाही, त्यांनीही हिरमुसू नये. थंडीत एका रविवारी पहाटे मोठ्या तलावाच्या काठी जावे. १९८३ सालापासून राष्ट्रीय उद्यान असलेले वनविहार तेथेच आहे आणि भोज जलक्षेत्र २००२ पासून रामसर यादीत आहे. वृद्धांस बसावयास जागा आहे, पक्षी भरपूर आहेत आणि दहापर्यंत घरी परतता येते. तेवढेही जमत नसेल, तर आमच्या वसाहतीबाहेरच्या अयोध्या बायपासवरील झाडे मुलांना नावानिशी ओळखावयास लावावीत. रस्ता रुंद करण्यासाठी तेथील हजारो झाडे तोडण्याचा प्रश्न २०२५ साली राष्ट्रीय हरित लवादापुढे गेला आहे. मढईच्या झाडांची नावे पाठ असणाऱ्या मुलाला आपल्या रस्त्यावरच्या झाडाचे नाव सांगता येऊ नये, हे बरे दिसत नाही.

ग्वाल्हेर, इंदूर, हैदराबाद, बडोदे येथील वाचकांनी आपापल्या गावाहून होण्याजोगी दोन रात्रींची एकेक रानसहल एका पानात लिहून धाडावी. ठिकाण एकच असावे. ऋतू, जाण्याचा मार्ग, मुक्कामाची सोय आणि वृद्धांस किती चालावे लागेल, एवढे अवश्य कळवावे. निवडक पत्रांस या सदरात जागा देऊ.