माहितीस्तव आणि कार्यवाहीस्तव

चिपळूणहून परशुराम घाट चढून खेडच्या दिशेने निघालेल्या प्रवाशाला माथ्यावरून थोडे पुढे गेल्यावर लोटे येथील औद्योगिक वसाहत लागते. सायंकाळी जनरल शिफ्ट सुटण्याच्या सुमारास तेथील फाट्यावर घटकाभर उभे राहिले, तर चिपळूण, खेड आणि भोवतालच्या वाड्यांतून कामावर आलेली माणसे कंपन्यांच्या बसगाड्यांत चढताना दिसतात. आणि गाडी महामार्गाला लागून बोलण्याला नुकता कोठे रंग चढतो न चढतो, तोच एकेकाच्या खिशातला फोन थरथरतो, मान खाली जाते, अंगठा फिरू लागतो, आणि मघाशी फाटकाआड राहिलेली कचेरी त्या माणसाच्या मांडीवर येऊन बसते. वीस वर्षांपूर्वी याच रस्त्यावरून हीच माणसे परतताना भातलावणीविषयी, मुलांच्या परीक्षांविषयी आणि गणपतीच्या रजेविषयी बोलत. आज ती मेल वाचतात.

कचेरीतील मेलांचा हा वाढता भार म्हणजे प्रत्येकाच्या वैयक्तिक शिस्तीचा प्रश्न आहे, असे समजण्याची प्रथा पडली आहे. इनबॉक्स रोज रिकामा करावा, ठरावीक वेळीच मेल उघडावेत, असे उपदेश नोकरदारांना सतत केले जातात, आणि ते उपदेश म्हणून वाईट नाहीत. परंतु धरणाचे दरवाजे कोणी उघडले याची चौकशी न करता नदीकाठच्या माणसाला पोहणे शिकवावे, तसा हा प्रकार आहे. माझ्या मते दोष वाचणाऱ्याच्या आळसात नसून पत्र पाठविण्याच्या रीतीत आहे, आणि तो दूर करण्याची विद्या आपल्या महाराष्ट्राच्या दप्तरी परंपरेत पूर्वापार उपलब्ध आहे.

रत्नागिरी हा एके काळी मनीऑर्डरवर जगणारा जिल्हा म्हणून ओळखला जाई. मुंबईच्या गिरणीत गेलेल्या मुलाचे पत्र महिन्या-दोन महिन्यांनी येई, पोस्टमन पायवाटेने वाडीवर येताना दिसला की ओटीवर माणसे जमत, आणि ते एक पत्र चार वेळा वाचून खुंटीवरच्या तारेत ओवून ठेवले जाई. त्या काळाच्या हालांचे मला कौतुक नाही; लोट्यासारखी वसाहत उभी राहिल्याने अनेक घरांतील मुलगे घरी राहून मिळवते झाले, हे मी मोठे भाग्य मानतो. सांगायचे एवढेच, की त्या पत्राला कागद लागे, तिकीट लागे, लिहिणाऱ्याची अर्धी रात्र लागे, आणि म्हणून त्यात निरर्थक असे काही नसे.

टपालहशील कोणी भरावे, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. 1854 साली हिंदुस्थानभर, अंतर कितीही असो, पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा असा एकच दर ठरला आणि तिकीट लावून हशील आगाऊ भरण्याची रीत रुजली. त्यापूर्वी अनेकदा पत्र घेणाऱ्यालाच पैसे मोजावे लागत, आणि पुढेही तिकिटावाचून टाकलेले पत्र ‘बेरंग’ म्हणून येई व घेणाऱ्याला दामदुप्पट भुर्दंड पडे. 1971 साली रे टॉमलिन्सन या अमेरिकी अभियंत्याने एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावरील माणसाला संदेश धाडण्याची युक्ती साधली आणि पत्त्यात ते सुप्रसिद्ध ‘ॲट’चे चिन्ह योजले; 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केल्यावर ती युक्ती आपल्याकडेही आली. तिच्यामुळे जग जवळ आले, यात शंका नाही. परंतु पाठविणाऱ्याचा खर्च तिने शून्यावर आणला, आणि वाचण्याचा, समजून घेण्याचा व ‘हे माझ्यासाठी आहे काय’ हे ठरविण्याचा सारा खर्च घेणाऱ्याच्या माथी टाकला. एका पत्राच्या चाळीस प्रती करण्यास पूर्वी टंकलेखकाला अर्धा दिवस लागे, आज एक बोट लागते. मात्र त्या चाळीस प्रती वाचण्यास आजही चाळीस माणसांची चाळीस मनेच खर्ची पडतात. या अर्थाने आजचा प्रत्येक अनावश्यक मेल हे बेरंग पत्र आहे.

लोट्याच्या वसाहतीतील एका कारखान्याच्या माल-रवानगी विभागात मी काही वर्षे काढली आहेत. त्या काळातील एक प्रसंग अजूनही मनाला लागून राहिलेला आहे. भर पावसाळ्यात एक टँकर भरून, काट्यावर वजन होऊन फाटकाशी उभा होता. धोकादायक रसायन रस्त्याने न्यायचे, तर अपघात झाल्यास काय करावे याच्या सूचना असलेले ट्रेमकार्ड चालकाजवळ असावे लागते. त्या कार्डावरील मजकुरात दुरुस्ती झालेली असल्याने नवी प्रत हवी होती, आणि तशी मागणी करणारा मेल दुपारीच सतरा जणांना गेलेला होता. सतराही जणांनी तो वाचला. प्रत्येकाला वाटले, की ज्याचे काम आहे तो करीलच. त्या टँकरच्या चालकाने आपल्या केबिनमध्ये दोन रात्री काढल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकावरचा पहारेकरी स्वतः चालत कचेरीत आला आणि कार्डाचे काय झाले असे त्याने विचारले, तेव्हा ते काम दहा मिनिटांत उरकले. त्या सतरा जणांत मी एक होतो. ‘मेल टाकला होता ना’ असे एक वाक्य त्या दिवशी आमच्या विभागात अनेकांनी उच्चारले, आणि ते खरेही होते. मेल टाकलेलाच होता.

‘मेल टाकला’ या शब्दप्रयोगापाशी थोडे थांबावेसे वाटते. पत्र पेटीत टाकतात, तसा मेल टाकतात; पण ओझे टाकतात, अंगावरची जबाबदारी टाकतात, तीही छटा त्यात नकळत उतरली आहे. टाकणारा त्या क्षणी मोकळा होतो, आणि टाकलेली वस्तू उचलणारा कोण, हे मात्र अनिश्चित राहते.

आपल्या जुन्या कारभाराने नेमकी हीच अनिश्चितता कसोशीने टाळली होती. शिवकालीन पत्राच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ अशी मोर्तब उमटे. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी अक्षर वाढवू नये, हा तिचा अर्थ. पत्र दप्तरी दाखल झाल्याच्या खुणा त्यावर होत, आणि चिटणीस, सुरनीस, वाकनीस यांपैकी कोणी काय पाहावे हे ठरलेले असे. त्या कारभाराचा वारसा सांगणारी आवक-जावक बारनिशी आजही आपल्या सरकारी कचेऱ्यांत आहे, आणि सरकारी पत्राच्या तळाशी दिसणारे ‘प्रत माहितीस्तव सविनय सादर’ आणि ‘प्रत आवश्यक कार्यवाहीस्तव रवाना’ हे दोन शेरे ज्याने पाहिले नाहीत असा मराठी वाचक विरळा. या दोन शेऱ्यांची पुष्कळ टिंगल झालेली आहे. परंतु त्यांत जो भेद केलेला आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. ज्याला माहितीस्तव प्रत गेली, त्याने ती वाचली काय आणि न वाचली काय, काम अडत नाही. ज्याला कार्यवाहीस्तव गेली, त्याच्या दारात ते काम उभे राहते. मेलमध्येही ‘टू’ आणि ‘सीसी’ असे दोन रकाने याच हेतूने ठेवलेले आहेत, पण व्यवहारात तो भेद आम्ही पार पुसून टाकला: वरिष्ठाचा धाक दाखविण्यासाठी, उद्या दोष येऊ नये म्हणून, किंवा केवळ सवयीने, जे नाव आठवेल ते आम्ही कोठेही घालतो.

1980 नंतरच्या दशकाच्या आरंभी अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कचेरीची जी पुनर्रचना केली, ती पुढे ‘लखिना पॅटर्न’ या नावाने महाराष्ट्रभर परिचित झाली. कागदांचे सहा गठ्ठे करण्याची जी पद्धत आपल्या शासकीय कर्मचाऱ्यांना शिकविली जाते, तिचाही याच विचाराशी निकटचा संबंध आहे. कार्यवाहीची प्रकरणे, उत्तराच्या प्रतीक्षेतील प्रकरणे, नियतकालिक विवरणे, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात धाडावयाचे कागद आणि नष्ट करावयाचे कागद, असे ते सहा गठ्ठे. आधुनिक व्यवस्थापनाच्या पुस्तकांत मेलांविषयी जे जे सांगितले जाते, त्याचा बहुतांश गाभा यात आलेला आहे, असे मला वाटते. विशेषतः शेवटचा गठ्ठा. कागद नष्ट करणे हेही कचेरीचे नियत कर्तव्य आहे, ते कोणी चोरून वा भीतभीत करावयाचे नाही, हे त्या गठ्ठ्याने मान्य केलेले आहे. शासकीय कामातील विलंबाला आळा घालणाऱ्या महाराष्ट्राच्या 2005 च्या अधिनियमाने तर सर्वसाधारण नस्ती कोणाही कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांहून अधिक राहू नये असे ठरवून दिले. या नियमांचे पालन सर्वत्र होते असे मी म्हणत नाही. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कोणालाही तसे म्हणता येणार नाही. पण नियम जागेवर आहे, आणि त्याच्या भंगाबद्दल जाब विचारता येतो. खासगी कारखान्यातील इनबॉक्सला असा कोणताही नियम नाही.

आणि लोट्यासारख्या ठिकाणी, जेथे बहुतेक कारखाने रसायनांचे आहेत, ही उणीव वेळेच्या अपव्ययापुरती राहत नाही. 6 जुलै 1988 च्या रात्री उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेल-वायूच्या फलाटावर जो स्फोट झाला, त्यात 167 माणसे गेली. दिवसपाळीत एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढून तेथे नुसती तबकडी बसविलेली होती; तशी परवाना-चिठ्ठी लिहिलेलीही होती; परंतु पाळी बदलताना ती गोष्ट रात्रपाळीच्या माणसांपर्यंत पोहोचली नाही, आणि दुसरा पंप बंद पडताच त्यांनी नेमका तोच पंप सुरू केला. तेथे मेलचा संबंध नव्हता. लिहिले गेले म्हणजे कळले असे धरून चालण्याचा संबंध होता, आणि मेलाने ती समजूत शतपट बळकट केली आहे. आमच्या वसाहतीतील जुना शिफ्ट इन-चार्ज पाळी सोडताना लॉगबुक उघडून, येणाऱ्याला शेजारी बसवून, प्लांटमध्ये एक फेरी मारून मगच घरी जात असे. त्या फेरीची जागा कोणत्याही मेलाने घेऊ नये, असे मला अत्यंत आग्रहाने म्हणावयाचे आहे.

कामाच्या वेळेबाहेरील मेलांविषयी इतर देशांनी विचार केलेला आहे. जर्मनीतील फोक्सवॅगन कंपनीने 2011 च्या अखेरीस आपल्या काही कर्मचाऱ्यांच्या फोनवर पाळी संपल्यानंतर अर्ध्या तासाने मेल पोहोचू न देण्याची व्यवस्था केली. डाइमलरने 2014 मध्ये रजेवरील माणसाला आलेला मेल, पाठविणाऱ्यास तसे कळवून आणि दुसऱ्या माणसाचा पत्ता देऊन, पुसून टाकण्याची सोय करून दिली. फ्रान्सने 1 जानेवारी 2017 पासून मोठ्या आस्थापनांना या विषयावर कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी करणे बंधनकारक केले. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये अशाच हक्काचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. तो व्हावा असे मला वाटते, पण लोट्याने त्याची वाट पाहत बसू नये.

यावर आमच्या येथील व्यवस्थापक एक सार्थ आक्षेप घेतात, आणि तो मी टाळू इच्छित नाही. येथील माल परदेशी जातो; आपली सायंकाळ होते तेव्हा युरोपात दुपार असते, अमेरिकेत तर सकाळच; ग्राहकाचा प्रश्न रात्री आला तर तो सकाळपर्यंत ठेवायचा काय? माझे उत्तर असे, की ज्या प्रश्नाला खरोखरच रात्री उत्तर हवे, त्यासाठी प्लांटप्रमाणे कचेरीतही पाळी लावावी. त्या रात्रीपुरता एक माणूस नेमावा, त्या जागरणाचा मोबदला त्याला द्यावा, दुसऱ्या दिवशी सुटी द्यावी, आणि उरलेल्या सोळा जणांना निजू द्यावे. प्लांटमध्ये काही बिघडले, तर आजही फोनच वाजतो, भोंगाच होतो. मेलाची वाट कोणी पाहत नाही. दिवसा प्रत्येक मेलाच्या पहिल्या ओळीत काम कोणाचे आणि केव्हापर्यंत हे लिहावे, माहितीच्या प्रतींवर ‘माहितीस्तव’ असा स्पष्ट शेरा असावा, आणि ज्या कामाला नाव नाही तो मेल वरिष्ठाने परत करावा. आणि त्या दिवशी, त्या रात्री कामाचा जिम्मा ज्याच्याकडे आहे त्याचे नाव फाटकावरच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि हिंदीत लिहिलेले असावे, म्हणजे भरलेला टँकर घेऊन पावसात उभ्या असलेल्या चालकालाही ते वाचता येईल.